'थांब' दिल्यावरही फॅन का फिरत राहिला: दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमच्या तक्रारी तीन आहेत. आम्ही लॅपटॉपवर टाकून दिलेली 'थांब' कमांड (चालू ॲप बंद न करता जागच्या जागी थांबवणारी) फायरफॉक्सला दिली तरी फॅन फिरतच राहिला. विंडोवर क्लिक केल्यावर 'प्रतिसाद देत नाही' अशी चौकट आली आणि तिच्यातलं 'फोर्स क्विट' दाबताच अर्धा भरलेला फॉर्म गेला. शिवाय रॅम जराही मोकळी झाली नाही.

पहिली चूक सरळ आमची. 'थांब'मागची आमची स्क्रिप्ट सिगस्टॉप सिग्नल, म्हणजे 'जागीच थांब' हा इशारा, फायरफॉक्सच्या फक्त मुख्य प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) पाठवत होती. टॅबच्या प्रोसेस वेगळ्या असतात, त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. त्यामुळे जड पान उघडलेला टॅब मागे सीपीयू खात राहिला. कमांड तुमच्या हाती देण्याआधी ती ब्राउझरवर तपासायलाच हवी होती.

नव्या आवृत्तीत सिग्नल काढून सिस्टिमडीचं (लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचं) 'फ्रीझ' घेतलं आहे. ते सीग्रुपमधल्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या गटातल्या, सगळ्या प्रोसेस मिळून गोठवतं. त्याला सिस्टिमडी २४६ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. तुमच्या उबुंटू २२.०४ वर २४९ आहे. इथे एक मेख आहे. २२.०४ मधला फायरफॉक्स स्नॅप (उबुंटूचं ॲप-पॅकेज) म्हणून येतो आणि स्नॅप सुरू होतानाच स्वतःचा वेगळा स्कोप, म्हणजे प्रोसेसचा असाच एक गट, काढतो. आपण बनवलेला स्कोप गोठवला तर तो रिकामाच निघतो. म्हणून नवी 'थांब' कमांड 'स्नॅप.फायरफॉक्स' असं नाव असलेला स्कोप शोधून तोच गोठवते. खात्री करताना पीएस कमांडच्या प्रोसेस-यादीत 'टी' (थांबलेल्याची खूण) शोधू नका, या पद्धतीत ते दिसत नाही. टर्मिनलमध्ये 'सिस्टिमसीटीएल --यूजर शो' पुढे त्या स्कोपचं नाव द्या. 'फ्रीझरस्टेट' समोर 'फ्रोझन' आलं की झालं.

आता ती चौकट. विंडोवर क्लिक केलं की डेस्कटॉप ॲपला हाक मारतो आणि ५ सेकंदांत ओ आली नाही की चौकट दाखवतो. गोठवलेलं ॲप ओ देणार नाहीच. 'फोर्स क्विट' म्हणजे सिगकिल, ॲप तिथल्या तिथे मारणारा सिग्नल, त्यात काहीच सेव्ह होत नाही. तिथे 'वेट' दाबायचं. ही ५ सेकंदांची मर्यादा शून्य करून चौकट बंद करता येते, पण मग खरोखर अडकलेलं ॲपही कळत नाही, म्हणून आम्ही ती तशीच ठेवली आहे. आधी विंडो मिनिमाइज करा, मग 'थांब'. परतताना आधी टर्मिनलमधून 'पुढे' (थांबवलेलं ॲप पुन्हा चालू करणारी कमांड), मग विंडो. हा क्रम आम्ही दिलेल्या चिठ्ठीत नव्हता. तुमचा फॉर्म त्यामुळे गेला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

रॅमबाबत मात्र कमांड काही करू शकत नाही. गोठवलेलं ॲप मेमरीत तसंच बसून राहतं, म्हणून तर जिथे सोडलं तिथूनच पुढे चालू होतं. रॅम कमी पडली तर कर्नल (सिस्टिमचा गाभा) त्यातला काही भाग स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, ढकलतो आणि मग 'पुढे' दिल्यावर काही सेकंद ॲप रेंगाळतं. सीपीयू आणि बॅटरी वाचते, रॅम नाही. आमच्या पत्रकात 'लॅपटॉप हलका होतो' असं मोघम लिहिलं होतं, ते वाक्य काढलं आहे.

आणखी एक सांगायला हवं: बँकेचं पान उघडं ठेवून 'थांब' देऊ नका. तुमचा मजकूर पानावर राहील, पण बँकेच्या सर्व्हरवरचं लॉगिन तोवर संपलेलं असेल.

लॅपटॉप घेऊन या. नवी स्क्रिप्ट टाकून, तुमच्याच फायरफॉक्सवर जड टॅब उघडून तुमच्यासमोर तपासून देऊ. पैसे घेणार नाही.