मोठा यू, धाकटा यू

आमच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टात ‘युटिल्स’ नावाचा एक फोल्डर होता. ज्या फाइलला कुठेच थारा नाही, ती तिथे. एकूण ८७ फाइल्स, त्यातली एक ‘टेम्प२_फायनल’. मीटिंगमध्ये माझ्या तोंडून निघून गेलं, “हे एकदा आवरायला हवं.” जो बोलतो त्याच्याच नावावर टिकिट, म्हणजे त्या कामाची नोंद, पडतं, हे इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

मी मोठ्या हौसेने नऊ नवे फोल्डर केले. ऑर्डर्स, पेमेंट्स, नोटिफिकेशन्स... कमिट करायला, म्हणजे बदल नोंदवायला गेलो, तर गिट (कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) म्हणे, कमिट करण्यासारखं काहीच नाही. गिट फक्त फाइल्स ओळखतं. रिकामा फोल्डर त्याच्या खिजगणतीतच नाही. मग प्रत्येकात ‘डॉट गिटकीप’ नावाची रिकामी फाइल टाकली. या नावात काही जादू नाही बरं का, लोकांनी पाडलेला पायंडा आहे नुसता.

फाइल्स हलवल्या. इम्पोर्ट, म्हणजे एका फाइलमधून दुसरीला बोलावणाऱ्या ओळी, एडिटरने दुरुस्त केल्या. कॉन्फिगमध्ये (सेटिंग्जच्या फाइल्समध्ये) लिहिलेले पाथ, म्हणजे फाइल्सचे पत्ते, मात्र त्याला दिसलेच नाहीत. ते मी शोधले. रात्री, एकेक करून.

मग जाता जाता ‘युटिल्स’च्या इंग्रजी स्पेलिंगमधला मोठा (कॅपिटल) यू धाकटा केला. एवढंच. माझ्या मॅकला दोन्ही यू सारखेच, सगळं सुरळीत चाललं. पण आमचा बिल्ड सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा कोड एकत्र करून चालतो का ते बघणारा कॉम्प्युटर, होता लिनक्सवाला. त्याच्या लेखी हे दोन वेगळे फोल्डर. “मॉड्यूल सापडत नाही.” अहो, समोर तर आहे! तीन तास गेले. देवनागरीत नाव ठेवलं असतं तर ही वेळच आली नसती, आपल्यात अक्षर लहानमोठं नसतं.

हलवता हलवता मी कोडही ‘जरासं’ सुधारलं होतं, तेही नडलं. फाइल हलवली अशी नोंद गिट ठेवतच नाही. जुन्या-नव्यात निम्मं तरी साम्य दिसलं तरच ती हलवली असेल असा अंदाज बांधतं. माझ्या काही फाइल्स त्यात नापास झाल्या. आता ‘गिट ब्लेम’ (कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी कमांड) केलं की मी रुजू होण्याआधीच्या चुकाही माझ्याच नावावर निघतात.

शेवटी वाद एकाच फाइलवर अडला. ऑर्डरची पावती ईमेलने पाठवणारी फाइल ऑर्डर्समध्ये की नोटिफिकेशन्समध्ये? पाऊण तास चर्चा झाली. ती सध्या युटिल्समध्येच आहे. नोटिफिकेशन्समध्ये गिटकीप एकटीच बसलीय.