बॉडी पैलवानाची आणि काउंट शून्य

मामेभावाला विचारून लिहितोय. तोच म्हणाला, दादा लिही, फक्त नाव टाकू नको.

पोरगा 34 वर्षांचा, राहायला घोडबंदर रोडला, कामाला ऐरोलीत, नाइट शिफ्ट. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. दीड वर्ष आमच्या घरात जे चाललं होतं ते आठवलं की अजून राग येतो मला. त्याच्या बायकोच्या सोनोग्राफ्या झाल्या, थायरॉइडची टेस्ट झाली, ट्यूब उघड्या आहेत का बघायला तो दुखरा एक्सरे झाला, मामीने सोळा सोमवार धरायला लावले, आणि एवढ्या सगळ्यात याची साधी सीमेन टेस्ट, म्हणजे वीर्याची तपासणी, कोणी करून घेतली नाही. काहीशे रुपयांचं काम हो. पण हा दिसायला पैलवान ना, दंड बघा, छाती बघा, याच्यात काय खोट असणार.

शेवटी केली तर शुक्राणूंचा काउंट शून्य. कमी नाही, शून्य.

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. तीन वर्षांपूर्वी याला सारखा थकवा, चिडचिड, बायकोजवळ जायची इच्छाच नाही. हे सांगितलं कोणाला तर जिमच्या ट्रेनरला. तो म्हणाला टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, चेक कर. याने शिफ्ट संपवून, धड न झोपता दुपारी रक्त दिलं, आकडा आला 262, आणि त्या एका कागदावर दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चालू!

आता नीट वाचा. साधारण डेसिलीटरमागे 300 नॅनोग्रॅमच्या खाली आकडा गेला तर कमी धरतात, पण तो एकदाच बघून नाही. हे हार्मोन झोपेत वाढतं, सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. म्हणून सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी रक्त द्यायचं. रात्रपाळीवाल्याने नीट झोप काढून उठल्यावर दोन-तीन तासांत. शिकागोमध्ये धडधाकट तरुण पोरांना आठवडाभर पाचच तास झोपू दिलं तर त्यांचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्के खाली आलं, 2011 सालचा अभ्यास आहे. आमचा हा तर कित्येक महिने चार तास झोपत होता, वर घोरणं, वर पोट. त्याला आधी झोप पाहिजे होती, सुई नाही.

आणि सुईने झालं काय? बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला वाटतं माल भरपूर आहे, ती वृषणांना कामाला लावणारी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स पाठवायचं बंद करते, मग वृषणांचं कामच थांबतं. रक्तात आकडा मस्त दिसतो, दंड फुगतात आणि आत शुक्राणू बनायचे बंद. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या सुमारास आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चक्क पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. म्हणजे हा पोरगा गर्भनिरोधक घेत होता आणि त्याची बायको उपास करत होती.

माझा औषधाला विरोध नाही हं. ज्यांना खरंच कमी आहे, गालगुंड वृषणात उतरले, केमो झाली, जन्मतः क्लाइनफेल्टर (एक X गुणसूत्र जास्त) आहे, त्यांनी अजिबात लाजू नये, उपचाराने आयुष्य बदलतं, हाडं सांभाळली जातात. जेल आहे, इंजेक्शन आहे, अडीच-तीन महिन्यांनी एकदा घ्यायचंही येतं. 2023 मध्ये पाच हजारांवर पुरुषांवरची मोठी ट्रायल आली, त्यात हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकचा धोका वाढलेला दिसला नाही, पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुफ्फुसात गुठळी होणं हे जास्त दिसलं. शिवाय रक्त घट्ट होतं, म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बघत राहावं लागतं, प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ताची टेस्ट बघावी लागते. हे जिमवाला बघणार आहे का? कमी का झालं ते आधी शोधायला नको? एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन) यांच्या टेस्ट करा. पिट्युटरीत गाठ असून प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल तर बऱ्याच जणांचं नुसत्या गोळ्यांवर भागतं. पोट आणि शुगर असेल तर वजन उतरवल्यावर आकडा आपोआप चढतो.

आणि मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन घ्यायचंच नाही, त्यासाठी वेगळी औषधं असतात, एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनचा डॉक्टर) नाहीतर अँड्रॉलॉजिस्टला (पुरुषांच्या वंध्यत्वाचा डॉक्टर) विचारा.

लोकलच्या डब्यात मर्दानी कमजोरीची स्टिकरं वाचत आपण मोठे झालो, म्हणूनच हे दुखणं डॉक्टरसमोर तोंडातून निघत नाही. आपलेच भाऊ, मित्र "थकवा आहे" एवढंच सांगतात आणि पुढचं गिळून टाकतात. तुम्ही विचारा त्यांना. मी विचारलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

इंजेक्शन बंद करून नऊ महिने झाले. डॉक्टरांनी एचसीजी आणि क्लोमिफीन, म्हणजे शुक्राणू पुन्हा बनायला लावणारी औषधं, दिलीत, शिफ्ट बदलून घेतली, आठ किलो उतरला. मागच्या महिन्यात काउंट मिलीलीटरला 40 लाख आला, 1 कोटी 60 लाखांच्या खाली कमी धरतात, म्हणजे अजून बरंच आहे, पण शून्य नाही. रिपोर्ट घेऊन तो आधी मामीसमोर बसला आणि म्हणाला, आई, हे सगळं माझ्यामुळे होतं, तिच्यामुळे नाही. मामी काही बोलली नाही, उठून सुनेच्या खोलीत गेली.

कोणी असं इंजेक्शन घेत असेल तर इनबॉक्सला या. नाव कुठे जाणार नाही.