गणेशखिंडीची बाग ‘पडून’ नाहीये!

सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘पुणे विद्यापीठाजवळची ती शेतकी बाग नुसती पडून आहे. कारंजं, लायटिंग, सेल्फी पॉइंट केला तर काय मस्त होईल!’ खाली अंगठ्यांची रांग. दुपार झाली तरी माझं डोकं शांत होत नाहीये.

पडून? गव्हर्नरच्या बंगल्यालगत १८७३ साली सुरू झालेली बाग आहे ती. बंगल्यात आज आपलं विद्यापीठ आहे आणि बागेत फळांवर संशोधन चालतं. तुम्ही तिखट-मीठ लावून खाता ना, तो सरदार पेरू, म्हणजे एल-४९ वाण, तो १९२७ मध्ये फळशास्त्रज्ञ डॉ. चीमांनी इथंच निवडला. त्या पेरूवर किती शेतकऱ्यांची घरं उभी राहिली!

आमच्या आजोबांनी तिथूनच कलम आणलं होतं, गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला बांधून. बी का नाही पेरलं, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘‘अगं, बियांतून आलेला पेरू कुणावर जाईल सांगता येत नाही. तोच हवा तर त्याच झाडाची फांदी लागते.’’

कळतंय का? मातृवृक्ष, म्हणजे ज्याच्या फांद्यांपासून कलमं करतात ते मूळ झाड, तोडला तर तो वाण पुन्हा आणणार कुठून? २०२० मध्ये सरकारनं या ३३ हेक्टरांना जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. सरकारला कळलं, आपल्याला कळत नाही!

ज्येष्ठांना सावलीत फिरायला जागा हवी, मान्य. कुंपणाआडची बाग लोकांना आपली वाटत नाही, तेही मान्य. म्हणून मुळांवर पेव्हर ब्लॉक बसवायचे? रात्रभर दिवे लावून घुबडं-वटवाघळं हाकलायची?

असो. आजोबांचं झाड आमचा जुना बंगला पाडताना गेलं. पण आईनं त्याआधीच्या पावसाळ्यात एका फांदीला गुटी बांधून ठेवली होती. साल काढून, ओलं शेवाळ लावून, वर प्लॅस्टिक. मुळं फुटल्यावर ती फांदी भोरला काकांच्या शेतात लावली. पेरू अगदी तोच. पहिला घास घेताना आईचे डोळे भरून आले होते.

काही करायचंच असेल तर पोरांना त्या बागेत न्या. तिथल्या माळीकाकांकडून गुटी बांधायला शिकू देत. इथं कुणी शिक्षक असाल तर मला मेसेज करा, बाग ज्यांच्याकडे आहे त्या कृषी विद्यापीठाला परवानगीचं पत्र आपण मिळून लिहू. मी याच आठवड्यात बसायला तयार आहे.