स्वतःच्याच मशीनला हाक मारायला परवानगी कोणाची?

"सही करणारी सुविधा आपल्या संगणकावर आढळली नाही. कृपया डाउनलोड करून इन्स्टॉल करा."

मी सीए. सरकारी पोर्टलवर डिजिटल सही करायला बसलो, तर हे वाक्य आलं. आढळली नाही? अरे, ती खाली घड्याळाशेजारी हिरवं चिन्ह मिरवत बसलीये! टोकन, म्हणजे माझी डिजिटल सही जिच्यात असते ती पेनड्राइव्हसारखी कांडी, यूएसबीत आहे, त्याचा दिवा लुकलुकतोय, ड्रायव्हर जागेवर आहे आणि या सुविधेला लागणाऱ्या जावा नावाच्या सॉफ्टवेअरला घालायच्या तेवढ्या शिव्या मागच्याच वर्षी घालून झाल्यात. सगळं आहे. तरी पोर्टल म्हणतंय आढळली नाही. आणि हे कधी? काल संध्याकाळी, ऑडिट रिपोर्टची तारीख डोक्यावर असताना, अशील समोर बसून दुसरा चहा पीत असताना.

नेहमीचे उपाय झाले. टोकन काढून पुन्हा लावलं, दुसऱ्या भोकात लावलं, फुंकर मारून लावलं. (फुंकर का मारतात मला माहीत नाही, पण सदाशिव पेठेत तरी सगळे मारतात.) मशीन बंद करून चालू केलं. ती सुविधा उडवून परत टाकली. पुन्हा तेच वाक्य, तसंच नम्र. त्या 'कृपया'ची मला आता शिसारी येते.

मग मी हेल्पडेस्कला फोन लावला. तिथून पुढे जे झालं त्याने माझा रक्तदाब वाढला आणि तो अजून पुरता खाली आलेला नाही.

"सर, आपलं इंटरनेट चेक करा."

मी म्हटलं, बाळा, इंटरनेट आहे. तुझं पोर्टल उघडलंय, त्यावरचाच मेसेज तुला वाचून दाखवतोय.

"सर, स्पीड कमी असेल. राउटर एकदा रीस्टार्ट करून बघा."

आता इथे माझी सटकली. पान ब्राउझरात उघडतं, पण ब्राउझरला टोकनला हात लावता येत नाही. म्हणून ते पान माझ्याच मशीनवर मागे चालणाऱ्या त्या सही-प्रोग्रामला १२७.०.०.१ वर, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्यावर, हाक मारतं. प्रोग्राम टोकनकडून सही करून घेतो आणि परत देतो. ही हाक माझ्या मशीनमधून निघते आणि माझ्याच मशीनमध्ये पोचते. वायरीवर जात नाही, वायफायवर जात नाही, नेटवर्क कार्डाला तिचा पत्तासुद्धा लागत नाही. राउटर उचलून मुठा नदीत फेकला तरी १२७.०.०.१ला काही फरक पडत नाही! मी त्याच्या कानावर घालून वायर उपटली आणि पिंग मारून, म्हणजे त्या पत्त्याला हाक देऊन उत्तर येतं का ते बघून, दाखवलं. चार पाठवली, चार आली, शून्य गहाळ, वेळ एक मिलिसेकंदाच्या आत. ऐकतोयस ना?

तो म्हणाला, "सर, आपला आयपी अ‍ॅड्रेस सांगता का?"

१२७.०.०.१, मी म्हटलं.

थोडा वेळ शांतता. मागे कीबोर्डची टकटक. मग पठ्ठ्या म्हणतो, "सर, हा तर माझ्या इकडेही चालू दाखवतोय. म्हणजे सर्व्हर अप आहे. प्रॉब्लेम आपल्या एंडला आहे."

अरे चालूच दाखवणार! तू स्वतःलाच पिंग केलंस! जगातल्या कुठल्याही मशीनवर बसून तो पत्ता टाकला तर त्या मशीनलाच तो मिळतो, त्याचं कामच ते आहे! मी फोनवर इतका ओरडलो की खालच्या मजल्यावरचा टेलर टेप गळ्यात घेऊन वर आला आणि दारातून विचारायला लागला, कोण गेलं?

"सर, आपली तक्रार नोंदवली आहे. अजून काही मदत करू शकतो का?"

नको. आजवर केलीस तेवढी पुरे.

शेवटी भाच्याला फोन. तो हिंजवडीला असतो, दिवसभर लोकलहोस्टवरच, म्हणजे याच स्वतःच्या मशीनच्या पत्त्यावर, जगतो, त्यामुळे त्याच्या आवाजात माझ्याबद्दल ती खास कीव असते. त्याने एकच विचारलं, "मामा, मध्ये कधी एखादी छोटी खिडकी आली होती का? लोकल नेटवर्कची?"

आली होती. आर्टिकलच्या, म्हणजे माझ्याकडे सीएचं काम शिकणाऱ्या, मुलीने सांगितलं. पोर्टल उघडल्यावर ब्राउझरने विचारलं की ही साइट तुमच्या लोकल नेटवर्कवरची उपकरणं शोधून त्यांना जोडू पाहतेय, चालेल का? तिने ब्लॉक दाबलं. बरोबरच केलं तिने! आमच्या ऑफिसात भिंतीवर पाटी आहे: 'अनोळखी खिडकी उघडल्यास ब्लॉक दाबावे. मालकांस विचारू नये.' ती पाटी मी लावलीय आणि ती तिथेच राहणार. एखादी साइट 'मी तुमच्या नेटवर्कवर उपकरणं हुडकू का' असं विचारत असेल तर शहाण्या माणसाने काय म्हणावं? या, बसा, कपाट उघडून बघा?

आणि कसली डोंबलाची उपकरणं? माझाच ब्राउझर, माझाच प्रोग्राम, एकाच डब्यात, एकाच रॅममध्ये! सरळ विचारा ना, 'ही साइट याच संगणकावरच्या सही-प्रोग्रामशी बोलू का म्हणतेय'. तिने डोळे मिटून हो म्हटलं असतं. पण नाही. आणि एकदा नाही म्हटलं की ब्राउझर ते जन्मभर लक्षात ठेवतो, पोर्टलला कारण सांगत नाही आणि पोर्टल आपलं तुणतुणं वाजवत बसतं, आढळली नाही, आढळली नाही.

ही खिडकी २०२५च्या अखेरीपासून सुरू झाली, असं भाचा म्हणाला. का, म्हणून विचारलं तर त्याने जे सांगितलं त्याने डोकं जास्तच फिरलं. जून २०२५मध्ये संशोधकांनी चव्हाट्यावर आणलं की अँड्रॉइड फोनवरची फेसबुक आणि इन्स्टाग्रामची अ‍ॅप, झालंच तर यांडेक्स या रशियन कंपनीची काही अ‍ॅप, याच पत्त्यावर कान लावून बसायची. तुम्ही ब्राउझरात भलतंच काही वाचत असलात तरी त्या पानावरचा ट्रॅकिंगचा कोड फोनच्या आतल्या आत अ‍ॅपला सांगायचा, हाच तो माणूस. गुप्त खिडकी उघडून बसलात तरी. यांडेक्सचं हे म्हणे २०१७पासून चालू होतं. बोभाटा झाल्यावर मेटाने, म्हणजे फेसबुकच्या कंपनीने, मुकाट्याने बंद केलं. म्हणजे बघा, त्या बड्या धेंडांनी माझ्या घरातला आतला दरवाजा न विचारता वापरला. आणि आता कडक बंदोबस्त झाल्यावर परवानगी कोणाला मागायची? सदाशिव पेठेतल्या सीएला, त्याच्याच टोकनसाठी.

आमच्या सोसायटीतही हेच. चोरी झाली वरच्या बिल्डिंगमध्ये, अ‍ॅप बसवलं आमच्या गेटवर. परवा स्कूटर बदलली म्हणून वॉचमनने मला पाहुणा ठरवलं आणि मंजुरीची सूचना माझ्याच फोनवर आली. मी हेल्मेट काढून, चष्मा शोधून, स्वतःला आत घ्यायची परवानगी दिली. मागे दुधवाला हॉर्न वाजवत होता. त्याला कोणी विचारत नाही.

असो. खिडकीचं झालं. पत्त्याच्या पट्टीत डावीकडचं चिन्ह दाबा, परवानग्यांत जा, लोकल नेटवर्क 'अनुमती' करा, पान ताजं करा. केलं. सुटलो असं वाटलं?

लाल पान. 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही. हल्लेखोर १२७.०.०.१ वरून तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असू शकतात.'

कोण हल्लेखोर? १२७.०.०.१ वर मी आहे! मीच माझी माहिती चोरतोय का? मला माझा पॅन नंबर पाठ आहे!

हे दुखणं मात्र जुनं आहे, आम्हा सीए लोकांना ठाऊक आहे. पोर्टल एचटीटीपीएसवर, म्हणजे ओळख पटवून बोलणाऱ्या सुरक्षित जोडणीवर, म्हणून सही-प्रोग्रामनेही प्रमाणपत्र दाखवायचं. आणि १२७.०.०.१साठी कुठलीही मान्यताप्राप्त संस्था प्रमाणपत्र देत नाही, देऊच शकत नाही, कारण तो पत्ता जगातल्या प्रत्येक मशीनचा. त्याचा सात-बारा एकाच्या नावावर निघत नाही. मग प्रोग्राम स्वतःच्या सहीचं प्रमाणपत्र स्वतःच तयार करतो आणि विंडोजच्या विश्वासू यादीत गुपचूप खुपसतो. ते खुपसणं फसलं की हे लाल पान. मग 'प्रगत' दाबा, खाली बारीक अक्षरातलं 'असुरक्षित, तरीही पुढे जा' दाबा. वर्षभर आम्ही अशिलांना कानीकपाळी ओरडून सांगतो, लाल पान दिसलं की पळा, बँकेचे पैसे जातील. आणि सरकारदरबारी सही करायची असेल तर आधी त्याच लाल पानातून जायचं!

मागच्या वर्षीचं दुखणं आणखी वेगळं होतं. तेव्हा पोर्टल 'लोकलहोस्ट' अशी नावाने हाक मारायचं. मशीन ते नाव ऐकून आधी नव्या पद्धतीच्या पत्त्याकडे, म्हणजे दोन कोलन आणि एक, तिकडे जायचं. आणि आमचा सही-प्रोग्राम जुन्या वळणाचा, फक्त १२७.०.०.१ वर बसलेला. एक इकडे वाट बघतोय, एक तिकडे दार वाजवतोय. ते शोधून काढायला भाच्याला रविवार दुपार लागली आणि माझी बिर्याणी. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्याच एका खात्याचा सही-प्रोग्राम पहिल्याच्या पोर्टवर, म्हणजे त्याच पत्त्यावरच्या त्याच्या ठरलेल्या दार-क्रमांकावर, येऊन ठाण मांडून बसला होता. प्रत्येक खात्याचा प्रोग्राम वेगळा, प्रत्येकाचं घड्याळाशेजारी चिन्ह वेगळं, प्रत्येकाला जावाची आवृत्ती वेगळी आणि सगळ्यांना मीच सापडतो.

तोटा जागेचा म्हणावा तर तोही नाही. १२७ने सुरू होणारे सगळेच्या सगळे पत्ते याच एका कामासाठी राखून ठेवलेत. १,६७,७७,२१६! इंटरनेटच्या नियमांच्या १९८६च्या कागदात लिहिलंय, की हे स्वतःशी बोलण्यासाठी. १९८९च्या नियमांत स्पष्ट आहे की हे पत्ते मशीनच्या बाहेर कुठेही दिसता कामा नयेत. नव्या पद्धतीत शहाणपण आलं आणि त्यांनी या कामाला एकच पत्ता ठेवला. पण जुन्या पद्धतीत पावणेदोन कोटींच्या आसपास पत्ते आतल्या आत कुलूपबंद, आणि बाहेर काय? जगाला पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडचा साठा ३ फेब्रुवारी २०११ला संपला. म्हणून आमचा इंटरनेटवाला अख्ख्या गल्लीला एकाच पत्त्याआड कोंबतो आणि ऑफिसला स्वतःचा पत्ता हवा म्हटलं की दरमहा वेगळे पैसे मागतो. मशीनच्या आत पावणेदोन कोटी, दाराबाहेर एक नाही. आणि त्या पावणेदोन कोटींतला जो एकमेव मला लागतो, तोच आढळत नाही!

हे सगळं मी काल टेलरला सांगत होतो. तो दारातच उभा होता, जाता येईना म्हणून. मध्येच माझ्या लक्षात आलं, की हा माणूस माझ्या पँटची उंची घ्यायला आल्यासारखा माझ्याकडे बघतोय. आर्टिकलची मुलगी वहीत तोंड खुपसून हसत होती. बीएमसीसीतून कॉमर्स करून बाहेर पडलो तेव्हा वाटलं होतं, या वयापर्यंत ताळेबंदांवर भाषणं देऊ. दिलं एकच, लूपबॅकवर, म्हणजे मशीनच्या या स्वतःशीच बोलण्यावर, काखेत शिवायची पँट धरलेल्या गृहस्थाला. बायकोचं म्हणणं आहे की मला तिच्या भावाचा वाढदिवस लक्षात राहत नाही पण पोर्ट नंबर राहतात. खरंय. पोर्ट नंबर विसरलो तर दंड लागतो.

टेलर बिचारा म्हणाला, "साहेब, अंगठा उठवायची सोय नाही का?"

काय सांगणार त्याला. सहीचं हे टोकन इतकं पक्कं आहे म्हणे, की आतली गुप्त किल्ली कधीच बाहेर पडत नाही. २०२१पासून तर सगळ्यात वरच्या, तिसऱ्या वर्गाचंच प्रमाणपत्र मिळतं. व्हिडिओत तोंड दाखवा, पॅन दाखवा, नाव स्वतःच्या तोंडाने बोला. एवढी तटबंदी. आणि दारापर्यंत जायची वाट कुठली, तर ब्राउझरची एक खिडकी, एक लाल पान आणि भाचा मीटिंगमध्ये नसणं.

रात्री आठच्या सुमारास पिन विचारणारी चौकट आली. मी पिन टाकला. हिरवं गोल फिरलं. पावती क्रमांक आला. मी तो मोठ्याने वाचून दाखवला, आणि समोरचे अशील, जे एवढा वेळ चहा संपवून मोबाइलवर क्रिकेट बघत होते, कप बाजूला सरकवत म्हणाले, "झालं? नुसती सहीच तर करायची होती ना, साहेब? मग फीचं जरा बघा की."