‘मॅनेजर नेमा आणि विसरून जा’ : हा सल्ला कुठे कुठे गळतो

भाड्याच्या घरांत पैसे गुंतवणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो. त्याचं सार असं : दुरुस्ती ठेकेदाराला उक्ती, म्हणजे पूर्ण कामाची एकच रक्कम ठरवून द्या, घर प्रॉपर्टी मॅनेजरच्या हवाली करा आणि विसरून जा. मॅनेजरला भाड्यावर टक्के मिळतात, म्हणजे तुमचं हित तेच त्याचं. कामाचे फोटो मोबाइलवर येतातच. आणि सारखं लक्ष घालणाऱ्या मालकाकडे चांगली माणसं टिकत नाहीत.

यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, त्याच्याकडे येतोच. बाकीची एकेक करून तपासू.

‘तुमचं हित तेच त्याचं.’ जरा आकडे मांडा. भाडं महिना १०० धरा. मॅनेजरला त्यातले १० टक्के, आणि नवा भाडेकरू आणला की वर अर्ध्या महिन्याचं भाडं. अशा अटी सर्रास असतात. आता जुना भाडेकरू सोडून गेला आणि घर एक महिना रिकामं राहिलं. तो राहिला असता तर त्या महिन्यात तुमच्या हातात ९० आले असते; आता शून्य येतात आणि वर ५० द्यावे लागतात. तुमचा तोटा १४०. मॅनेजरचे १० बुडाले, ५० मिळाले. त्याला ४० जास्त! आता उलट बाजू बघा. थोडा दम धरून १०५ भाडं देणारा भाडेकरू शोधला तर वर्षाच्या भाड्यातून तुम्हाला ५४ जास्त मिळतात, त्याला फक्त ६. त्या ६ साठी आणखी दहा जणांना घर दाखवत कोण बसेल? पहिला जो येईल त्याला किल्ल्या. यात तो लबाड असावा लागत नाही, करारच त्याला तिकडे ढकलतो.

म्हणून माणूस बदलण्याआधी करार बदला. त्याने आणलेला भाडेकरू वर्षाच्या आत गेला तर दुसऱ्यांदा पूर्ण शुल्क नाही. दुरुस्तीवर तो स्वतःचे टक्के लावणार असेल तर खुशाल लावू दे, पण दुकानदाराचं मूळ बिल आणि त्याचे टक्के वेगवेगळे दिसले पाहिजेत. ठरावीक रकमेच्या वरच्या खर्चाला आधी लेखी परवानगी. पाणी फुटलं, वीज गेली असली तातडी सोडून. ही मर्यादा घातल्यावर तिच्या जरा खाली राहणारी बिलं मोजत जा. मर्यादा ५० ची आणि एकाच आठवड्यात एकाच नळकामाची ४५-४५ ची दोन बिलं आली, तर फोन करायची वेळ झाली.

‘उक्तं दिलं की डोकेदुखी ठेकेदाराची.’ उक्त्या कामात साहित्य आणि दिवस जितके कमी, तितका ठेकेदाराचा नफा जास्त. वाचवायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे जी झाकली जाणार ती : टाइल्सखालचं वॉटरप्रूफिंग, भिंतीतले पाइप, गिलाव्यावर पाणी मारायचे दिवस. रंग सहसा कुणी वाईट देत नाही, तो दिसतो ना. रोजंदारीवर दिलं तर काम लांबतं, त्यामुळे उक्तं द्यायला माझी ना नाही. पण झाकण्याआधी थांबायचं. पाइप बुजवण्याआधी दाब देऊन तपासायचे. बाथरूममध्ये टाइल्स बसण्याआधी पाणी जायची जाळी बंद करून निदान २४ तास, जमलं तर ४८ तास पाणी साठवायचं आणि खालच्या छताला ओल येते का ते बघायचं. सिमेंटच्या गिलाव्यावर ७ दिवस तरी पाणी पडलं पाहिजे. हप्ते तारखेला बांधू नका, या थांब्यांना बांधा. उचल साहित्यापुरतीच द्यायची, शेवटचे ५ ते १० टक्के काही आठवडे वापर झाल्यावर. ‘साहेब, हे एक्स्ट्रा झालं’ हे वाक्य काम झाल्यावर ऐकायचं नसेल तर वाढीव कामाचा दर आधी लिहून घ्या.

हे सगळं मॅनेजरच बघेल? ठेकेदार त्यानेच आणला असेल आणि त्या बिलावर त्याचे टक्के असतील, तर तो स्वतःचाच पेपर तपासतोय. फेरीमागे पैसे घेणारा एखादा बाहेरचा इंजिनिअर परवडतो.

‘फोटो येतातच.’ माझ्या एका घरातल्या नव्या बाथरूमचे फोटो इतके देखणे आले की मी त्याच संध्याकाळी शेवटचा हप्ता पाठवला. पहिल्याच आंघोळीला पाणी जाळीकडे न जाता दाराकडे आलं. उतार फोटोत दिसत नाही. टाइल पोकळ वाजते हे ऐकू येत नाही, ओलीचा वासही येत नाही. जाणं शक्यच नसेल तर निदान बादलीभर पाणी ओतून ते जाळीपर्यंत जातानाचा सलग व्हिडिओ मागा.

राहिलं ते अर्धसत्य. डोक्यावर बसणाऱ्या मालकाला चांगला मिस्त्री कंटाळतो, हे खरंच आहे. ठेकेदाराला वगळून त्याच्या माणसांना परस्पर सूचना देणं, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं सांगणं, हे मीही केलंय आणि त्याची किंमत मोजलीय. पण ठरल्या टप्प्यावर येऊन मोजमाप बघणाऱ्या आणि त्याच दिवशी पैसे सोडणाऱ्या मालकाला सोडून गेलेला कारागीर मला अजून भेटलेला नाही. त्यांना पळवतात ते थकलेले हप्ते.

घर भाड्याने गेल्यावर तर कामच थोडं उरतं : महिन्याला अर्धा तास हिशोब आणि बँकेतल्या नोंदी ताडून बघायच्या, वर्षातून एकदोनदा आधी कळवून घरी जायचं. तिथे गेल्यावर भाडेकरूला सहज विचारायचं, ‘किचनचा नळ बदलला, आता बरा चालतो ना?’ तो म्हणाला, ‘कुठला नळ?’, की परत येऊन बिलांची फाइल उघडायची.