‘ती पदकं ग्रेनेडाची नाहीतच’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनेडा या चिमुकल्या देशाच्या ऑलिंपिक प्रवासावरच्या माझ्या लेखाखाली आपण काल रात्री लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी ग्रेनेडाचा धावपटू किरानी जेम्स याचं वय चुकवलं, दरडोई (लोकसंख्येच्या मानाने) पदकांचा हिशेब फसवा असतो, अशा देशांवर मराठीत लिहायची गरजच काय, आणि "ही पदकं ग्रेनेडाची नाहीतच, अमेरिकेतल्या विद्यापीठांची आहेत", असं आपलं म्हणणं. वर शेवटी सल्ला, "लेखकाने आधी थोडा अभ्यास करावा."

वयाचं आपलं बरोबर आहे. 6 ऑगस्ट 2012 ला लंडन ऑलिंपिकमध्ये तो 400 मीटर जिंकला तेव्हा वीस पूर्ण व्हायला 26 दिवस बाकी होते. मी 20 लिहिलं, 19 हवं होतं. दुरुस्ती केली आहे. आभार.

पण ते "अभ्यास करावा" मला लागलं. चूक दाखवावी, जरूर दाखवावी. त्यासाठी समोरच्याची लायकी काढावी लागत नाही. आपण मला ओळखत नाही. या लेखासाठी मी किती रात्री जागलो, तेही आपल्याला माहीत नाही. एका वर्षाच्या चुकीवरून सगळा लेख ‘ऐकीव’ ठरवायचा, ही कुठली रीत?

आता विद्यापीठांचं. किरानी अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात शिकायला गेला, खरं आहे. पण कधी? त्याआधी, 2008 च्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने 400 मीटरमध्ये रौप्य मिळवलं होतं. 2009 च्या जागतिक युवा स्पर्धेत 200 आणि 400 अशी दोन्ही सुवर्णं त्याची. तेव्हा तो गुयावचा शाळकरी मुलगा होता. गुयाव म्हणजे मासेमारीवर जगणारं गाव. ग्रेनेडातल्या माध्यमिक शाळांच्या स्पर्धेला ‘इंटरकोल’ म्हणतात आणि ती बघायला स्टेडियम भरतं. मुलं सापडतात ती तिथे. अमेरिकन प्रशिक्षकांच्या नजरेत ती नंतर येतात.

ग्रेनेडाचा भालाफेकपटू अँडरसन पीटर्स, त्याचंही तेच. 2016 मध्ये पोलंडमधल्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत आपल्या नीरजने 86.48 मीटर भाला फेकून सुवर्ण जिंकलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या दिवशी कांस्य घेऊन त्याच पोडियमवर कोण उभं होतं? पीटर्सच. अमेरिकेत मिसिसिपीला शिकायला तो त्यानंतर गेला.

आणि बाहेर जाऊन शिकलं की पदक परक्याचं होतं, हा न्याय लावायचाच तर सगळ्यांना लावा. नीरजचे प्रशिक्षक क्लाउस बार्टोनिट्झ जर्मन होते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे अमेरिकेत कोलोरॅडोला राहून सराव करत होता. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं त्याचं रौप्य अमेरिकेचं, असं बीडमध्ये जाऊन म्हणून दाखवाल?

हे मी पुस्तकातून बोलत नाही. नववीत असताना मी जिल्ह्यात 400 मीटरला दुसरा आलो होतो. मैदानावर फक्कीच्या रेषा, पायात कुणाचे तरी मागून आणलेले स्पाइक्स, अंगठ्याकडे कापूस कोंबलेला. तिसऱ्या शंभर मीटरला मांड्या दगडासारख्या होतात आणि शेवटच्या वळणानंतर समोरची रेषा जवळ येतच नाही. पुढे विभागीय स्पर्धेच्या बसभाड्यावरून शाळेत दोन दिवस नुसती बोलणी झाली. शेवटी मी गेलोच नाही. म्हणून लहानशा बेटावरचा मुलगा 43.94 सेकंदांत ते अंतर कापतो, अमेरिकेबाहेरचा 44 सेकंदांच्या आत येणारा पहिला माणूस ठरतो, तेव्हा ते श्रेय कुणी एका ओळीत दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेलं मला सहन होत नाही. आपण कधी हे अंतर जीव तोडून पळाला आहात का?

अमेरिकेचं नाव काढलंच आहे तर हेही ऐका. ग्रेनेडा 1974 ला स्वतंत्र झाला. ऑक्टोबर 1983 मध्ये पंतप्रधान मॉरिस बिशप यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि 25 तारखेला अमेरिकन फौजा बेटावर उतरल्या. जेमतेम नऊ महिन्यांनी, 1984 च्या लॉस एंजेलिसमध्ये, ग्रेनेडाचं पथक पहिल्यांदा ऑलिंपिकला गेलं. तिथून पहिल्या पदकाला 28 वर्षं लागली. 2004 मध्ये अथेन्सला ॲलेन फ्रान्सिक 400 मीटरमध्ये चौथा आला. साधारण दोन आठवड्यांनी आयव्हन चक्रीवादळ आलं आणि बेटावरच्या बहुतेक घरांची छपरं गेली. किरानीला तेव्हा बारा वर्षं पूर्ण होऊन सहा दिवस झाले होते. जुलै 2024 च्या पहिल्याच दिवशी बेरिल वादळाने ग्रेनेडाचंच कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केलं, आणि पुढच्याच महिन्यात पॅरिसमध्ये लिंडन व्हिक्टरने डेकॅथलॉनचं (दहा मैदानी प्रकारांची स्पर्धा), पीटर्सने भालाफेकीचं कांस्य आणलं. यातलं विद्यापीठाचं काय काय, ते तुम्हीच मांडून दाखवा.

दरडोईवर वाद घालत नाही. नसेल पटत तर सोडा. मराठीत का लिहायचं, हा प्रश्नच मला कळला नाही. 24 जुलै 2022, रविवारची सकाळ आठवा. अमेरिकेतल्या युजीनमधली जागतिक स्पर्धा, आपण सगळे नीरजसाठी टीव्हीसमोर, आणि पीटर्सचा पहिलाच फेक 90.21 मीटर. दुसरा 90.46. नीरज 88.13 वर रौप्य घेऊन थांबला आणि पीटर्सने शेवटचा फेक 90.54 चा टाकला. आमच्या घरात माझ्या मामांनी विचारलं, "अरे, हे ग्रेनेडा आहे तरी कुठे?" लेख त्या प्रश्नातून सुरू झाला. मामांनी तो पूर्ण वाचला आणि फोन करून आणखी दोन गोष्टी विचारल्या.

राहता राहिलं, लंडनच्या उपांत्य फेरीत कृत्रिम पायांवर धावणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर पिस्टोरियसशी किरानीने नावाच्या पट्टीची अदलाबदल केली त्याला तुम्ही "कॅमेऱ्यासाठी केलेला देखावा" म्हणालात. शर्यत जिंकून तो थेट शेवटच्या आलेल्या पिस्टोरियसकडे गेला, मिठी मारली आणि त्याच्या छातीवरची पट्टी मागून घेतली. तो व्हिडिओ पुन्हा एकदा बघा, मग लिहा. तोवर या मुद्द्यावर मी उत्तर देणार नाही.