पदवी एकीकडे, सहीचा अधिकार दुसरीकडे

बारावीनंतर एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी घ्यावी की एएमईचा, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचा, अभ्यासक्रम करावा, हा प्रश्न यंदा माझ्या भाच्यापुढे होता. भारतात हा वाद जुनाच आहे, पण २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवल्यापासून त्याला जोर आला आहे. इतकी विमाने येणार म्हणजे तितके अभियंतेही लागणार, हा हिशेब चुकीचा नाही. मात्र कोणते अभियंते, हे त्यात कोणी विचारत नाही. पदवी वरची आणि एएमईचे लायसन्स खालचे, एवढे मात्र सगळेच गृहीत धरतात. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग या विमान उद्योगाच्या शहरात इतकी वर्षे राहिल्यावर मला ते मुळीच पटत नाही.

पदवीच्या चार वर्षांत वायुगतिकी, संरचना, प्रणोदन (म्हणजे विमानाला पुढे ढकलणारी इंजिने), उड्डाणाची स्थिरता आणि नियंत्रण हे विषय शिकवले जातात. विमान नव्याने घडवणाऱ्या किंवा त्याची चाचणी घेणाऱ्या माणसाला ते अत्यावश्यक आहेत. परंतु दुरुस्तीनंतर ते विमान पुन्हा उड्डाणाला योग्य आहे, असे प्रमाणपत्र सही करून देण्याचा अधिकार कोणत्याही पदवीने मिळत नाही, मग ती आयआयटीची का असेना. तो अधिकार डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, लायसन्सने मिळतो, आणि त्यासाठी विषयवार परीक्षांबरोबर प्रत्यक्ष विमानांवर काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. भारताचे हे नियम युरोपीय नियमांच्याच साच्यातले आहेत. इथे युरोपात बी-१ या, म्हणजे यांत्रिक देखभालीच्या, लायसन्स-गटातल्या टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या मूळ अभ्यासक्रमाला २,४०० तास लागतात, त्यांतला चाळीस ते पन्नास टक्के वेळ प्रात्यक्षिकाला द्यावा लागतो आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७५ टक्के गुण लागतात. याला कनिष्ठ शिक्षण कसे म्हणावे?

जर्मनीत विमान यांत्रिकाचे व्यावसायिक प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे असते, त्या काळात विद्यार्थ्याला वेतन मिळते, आणि पदवी घेणाऱ्यांपैकी काहीजण दुहेरी शिक्षणपद्धतीतून आळीपाळीने वर्गात आणि कंपनीत शिकतात. म्हणजे गणित शिकणारा मुलगा रिव्हेट कसा बसतो हेही पाहतो. हे परदेशी नवल आहे, असे मात्र कोणी समजू नये. विमान अभियंते विष्णू माधव घाटगे जर्मनीतल्या गॉटिंगेनला वायुगतिकीचे नामवंत शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट करून परतले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये सुरू झालेल्या वैमानिकी विभागाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, आणि त्याच शहरातल्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट या विमान कारखान्यात त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. वर्ग आणि कारखाना एका शहरात होते. आज ज्या महाविद्यालयाच्या आसपास ना हँगर आहे ना धावपट्टी, तिथेही या पदवीच्या जागा भरल्या जातात, याचे मला मनापासून दुःख होते. ज्या महाविद्यालयाला एखाद्या देखभाल केंद्राशी किंवा विमान कारखान्याशी निश्चित तासांचा करार दाखवता येत नाही, त्याला या शाखेच्या जागा वाढवून देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

परदेशाची वाट धरणाऱ्यांनाही दोन गोष्टी आधी कळायला हव्यात. डीजीसीएचे लायसन्स युरोपात आपोआप चालत नाही. इथल्या परीक्षा द्याव्या लागतात. आणि कर्ज काढून अमेरिकेत एरोस्पेसची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्याला तिथे गेल्यावर आयटार हे शस्त्रास्त्र-निर्यातीचे नियम आडवे येतात. संरक्षण आणि अवकाश क्षेत्रातल्या बहुतेक नोकऱ्या त्यांमुळे नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्यांना जवळजवळ बंद असतात.

भाच्याला मी एकच विचारले: तुला विमानाचा पंख कागदावर मांडायचा आहे की इंजिनाचे झाकण उघडून आत हात घालायचा आहे? तो क्षणही न थांबता म्हणाला, "मामा, झाकण." मग मी त्याला डीजीसीएची मान्यता असलेली प्रशिक्षण संस्था निवडायला सांगितले, आणि ती विद्यार्थ्यांना कोणाच्या विमानांवर, किती तास काम देते, हे लेखी मागून घ्यायलाही बजावले. ताईला अजून पदवीची काळजी आहे. काही संस्थांत लायसन्सच्या अभ्यासाबरोबर बी.एस्सी.ही करता येते, तेव्हा ती चौकशी आम्ही दोघे मिळून करत आहोत.